दोन वळांचा चंबू

कारखान्याच्या दारातून आत आलं की हजेरीच्या यंत्राच्या वर एक पत्र्याची पाटी दिसायची. निळ्यावर पांढरी अक्षरं: ‘पाच लिटर व त्यापुढील चंबू – तीन दम. दर दोन दमांमध्ये दोन आकडे मोजावेत.’ पाटी बावीस वर्षांची होती. कडा गंजल्या होत्या, पण अक्षरं दर दोन वर्षांनी नव्याने रंगवली जात. ती रंगवणारा आणि मुळात लिहिणारा माणूस एकच. त्याला सगळे मास्तर म्हणत.

हा कारखाना प्रयोगशाळांना लागणारी काचेची भांडी बनवतो. लहान भांडी साच्यातून निघतात. मोठा गोल बुडाचा चंबू मात्र अजून माणूसच फुंकतो. काचेची जाड नळी लेथवर फिरत राहते, खालून गॅसची ज्योत लागते, काच मधासारखी झाली की कारागीर दातांत धरलेल्या रबरी नळीतून आत हवा सोडतो आणि गोळा फुगतो. यंत्राची हवा वापरून पाहिली होती. यंत्राला कुठे थांबायचं ते कळत नाही, जिभेला कळतं.

मास्तरांची रीत अशी की गोळा एका दमात फुगवायचा नाही. थोडा फुगवायचा, थांबायचं, एक-दोन मोजायचे. परत फुगवायचा, परत थांबायचं. मग शेवटचा दम. ‘काचेला दम खाऊ द्या,’ असं ते नव्या माणसांना सांगत. थांबलं की पातळ झालेला भाग आधी निवतो आणि पुढच्या दमाला फक्त जाड भाग ताणला जातो. दोन्हींच्या सांध्यावर एक फुगीर वळ उठतो. दोनदा थांबलं की दोन वळ. डोळ्यांना ते दिसत नाहीत, नख फिरवलं की लागतात. गिऱ्हाईकं नख फिरवूनच माल घेत. कारखाना चालवणाऱ्या मालकीणबाईंनी दरपत्रकावर तसं छापूनच टाकलं होतं: ‘दोन वळांची खूण पाहून घ्यावी.’

मास्तर एक्कावन्न वर्षांचे. एकोणिसाव्या वर्षी काचेची नळी तोंडाला लावली आणि त्याच वर्षी सिगरेट. दिवसाला वीस. ती ते कामाच्या ज्योतीवरच पेटवत. काडेपेटी त्यांनी उभ्या आयुष्यात विकत घेतली नव्हती. बोलायला कमी, हाताला पक्के. त्यांच्या हाताखाली शिकलेली सहा माणसं आज चंबू फुंकतात. त्यांतले चार सिगरेटला शिवत नाहीत, पण तेही मधे थांबून दोन आकडे मोजत.

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला मालकीणबाईंनी सांगितलं की वर्ष संपायच्या आत दुसरं मोठं लेथ येणार. त्यावर कोण बसणार, ते मास्तरांनी ठरवायचं. आठवड्याभरात एकच अर्ज आला. तो त्यांच्या सख्ख्या भाचीचा होता. मास्तरांनी तो वाचला, घडी घातली आणि खणात टाकला.

भाची तेहतीस वर्षांची. त्याच कारखान्यात, मागच्या शेडमध्ये, घासकामाला. चंबूच्या तोंडात बूच घट्ट बसावं म्हणून ते तोंड आतून खरखरीत करावं लागतं. पाण्यात कालवलेली कुरुंदाची पूड आणि फिरतं चाक यांच्यामध्ये बोटांनी काच धरून बसायचं. अकरा वर्षं हे काम केल्यावर तिच्या बोटांवरच्या रेषा घासून गेल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी हजेरीचं यंत्र आलं तेव्हा त्याने तिचं एकही बोट ओळखायला नकार दिला. तेव्हापासून ती एकटी वहीत सही करते. ‘बँक लुटायची झाली तर हिला न्यायची,’ हा विनोद शेडमध्ये इतका जुना झाला होता की कुणी हसतही नसे.

बाविसाव्या वर्षी ती मामाच्याच हाताखाली फुंकायला शिकत होती. पाचव्या महिन्यात तिने पाच लिटरचा चंबू एका दमात केला. वळ नव्हते. मास्तरांनी तो उचलून फुटक्या काचेच्या पिंपात टाकला. दुसऱ्या दिवशी तिने परत तसाच केला, तिसऱ्या दिवशी परत. तिसरा त्यांनी सगळ्यांदेखत पिंपात फोडला आणि चौथ्या दिवसापासून तिला घासकामाला पाठवलं. कारखान्यात याची चर्चा फार झाली नाही. वळ नाहीत म्हणजे घाई केली, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

अर्ज खणात पडला त्याच आठवड्यात तपासणीची गाडी आली. वर्षातून एकदा येते. रक्तदाब, डोळे, वजन. या वेळी गाडीत एक नवं यंत्र होतं, फुंकून छाती मोजायचं. यंत्रावर बसलेली मुलगी पंचविशीची असेल.

“काका, नाकाला चिमटा, नळी दातांत. खोल श्वास घ्या आणि मी थांबा म्हणेपर्यंत फुंकत राहायचं.”

“मला शिकवतेस?” मास्तर हसले.

रांगेत थोडा मागे दाढीवाला होता, मास्तरांचा सगळ्यात जुना चेला. तो म्हणाला, “बाई, बत्तीस वर्षं हा माणूस कामावर फुंकतो आणि सुटीतही फुंकतो. तुमचं यंत्र सांभाळा.”

मास्तरांनी फुंकलं. दोन सेकंदांत थांबले.

“काका, मधेच थांबलात.”

“दोन मोजतोय.”

“कशाला?”

“आमची पद्धत आहे.”

“इथे नको पद्धत. सलग.”

दुसऱ्यांदा ते पावणेतीन सेकंदांवर थांबले. तिसऱ्यांदा घशात काहीतरी अडलं आणि ते नळी टाकून खोकत राहिले. मुलीने पाणी दिलं आणि पडद्याकडे बघत राहिली. मग छापील कागद त्यांच्या हातात ठेवला. खाली एका चौकटीत आकडा होता: फुप्फुसांचं वय, बहात्तर.

“यंत्र बिघडलंय,” दाढीवाला म्हणाला.

“नाही बिघडलं. पुढचे या.”

पुढचा नंबर भाचीचा होता. तिने नळी दातांत धरली आणि फुंकलं. सहा सेकंद झाले, सात झाले. नवव्या सेकंदाला मुलीलाच ‘थांबा’ म्हणावं लागलं. “हे बघा, असं,” ती रांगेला म्हणाली. भाचीने नाकाचा चिमटा काढून तिच्या हातात दिला आणि मामाकडे न बघता ती शेडकडे चालू लागली.

मास्तरांचे वडील एकाहत्तराव्या वर्षी गेले होते. छातीच्या मापाने आपण बापापेक्षा मोठे झालो, हे त्यांच्या डोक्यात बसलं ते काही केल्या निघेना. दुपारच्या सुटीत त्यांनी पाकीट काढलं, ज्योतीपाशी गेले आणि तसेच परत आले. त्या दिवसापासून त्यांनी सिगरेट ओढलेली नाही. कारखान्यातल्या कुणाचाही यावर पहिले दोन महिने विश्वास बसला नाही.

विश्वास न बसायला कारण होतं. तोवर मास्तरांना सकाळी उठल्यावर पाच मिनिटं खोकला यायचा आणि मग दिवस मोकळा जायचा. सिगरेट सोडल्याच्या दुसऱ्या आठवड्यात खोकला दिवसभर लागला. तपकिरी, चिकट कफ, त्यात काळे ठिपके. तो नेमका फुंकताना उसळायचा. मऊ काचेत खोकला गेला की गोळा एका बाजूला फुगून फाटतो, साबणाच्या फुग्यासारखा. एका महिन्यात अकरा चंबू पिंपात गेले. बत्तीस वर्षांत मिळून मास्तरांच्या हातून तेवढे गेले नव्हते.

“मास्तर, जुन्या गाडीचं ऑइल एकदम बदलू नये,” दाढीवाला म्हणाला. “इंजिन बसतं. थोडं थोडं घालत राहायचं.”

घरी बायको शिवणयंत्रावरून मान वर करून म्हणाली, “अहो, ओढत होतात तेव्हा बरे होतात. हे काय मागे लावून घेतलंत?”

त्यांनाही तसंच वाटत होतं. सिगरेट बाधते, हे सगळे सांगतात. सिगरेट सोडणं बाधतं, हे कुणी कसं सांगितलं नाही, याचा त्यांना राग येत होता. एक्केचाळिसाव्या दिवशी त्यांनी पाकीट विकत घेतलं, खिशात ठेवलं, आणि आधी छातीच्या डॉक्टरकडे गेले. परवानगी मागायलाच, खरं तर.

डॉक्टरबाई साठीच्या होत्या. त्यांनी छापील कागद पाहिला, छाती तपासली, एक्स-रे उजेडावर धरून पाहिला.

“डॉक्टर, मला सिगरेट सोडणं बाधलं,” मास्तर म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. “श्वासनळीला आतून अस्तर असतं,” त्यांनी सांगितलं. “त्यातल्या बऱ्याच पेशींच्या डोक्यावर बारीक रोम असतात. एकेका पेशीवर दोनेकशे. सेकंदाला दहा-बारा वेळा ते वरच्या दिशेने झटका देतात आणि धूळ, काजळी, कफ घशाकडे ढकलतात. धुराने ते आधी मंदावतात. मग आखूड होतात. काही जागी झडूनच जातात. आणि त्याच वेळी कफ बनवणाऱ्या पेशी मात्र वाढतात.”

मास्तरांना निववायची भट्टी आठवली. त्यांच्या कारखान्यात तयार भांडी हळूहळू निववायला एका लांब भट्टीतून सरकत्या पट्ट्यावरून जातात. “म्हणजे पट्टा बंद,” ते म्हणाले, “आणि वर माल चढवणं चालूच.”

“तसंच. आता पट्टा सुरू होतोय.”

“म्हणजे हा बत्तीस वर्षांचा साठा उतरतोय?”

“एवढा साठा कुणाच्या छातीत मावत नाही. रोजचा जो कफ आत पडून राहायचा आणि सकाळी एकदाच खोकून निघायचा, तो आता दिवसभर निघतोय. अस्तर बरं होताना असं होतं. सगळ्यांना होत नाही, तुम्हाला झालं.”

“झडलेले रोम परत येतात?”

“अस्तर परत येतं. इतक्या वर्षांच्या धुरातही काही पेशी शाबूत राहिलेल्या असतात. कशा, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. धूर थांबला की त्या वाढतात आणि रिकामी जागा भरतात. कुणाला तीन महिने लागतात, कुणाला नऊ, कुणाला वर्षाच्या वर. सूज उतरते, कफ कमी होतो.” त्यांनी एक्स-रे पाकिटात घातला. “फुप्फुसाच्या टोकाला हवेच्या पिशव्या असतात. त्यांतल्या ज्या फुटल्या, त्या येत नाहीत. ते गेलं ते गेलं.”

“आणि खोकला कधी थांबेल?”

“आज एक ओढलीत तर कदाचित आजच थांबेल. रोम परत गार पडतील.”

मास्तरांनी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

“इथे नको,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बाहेर कचऱ्याचा डबा आहे.”

तिसऱ्या महिन्यात कफाचा रंग उतरला. पाचव्या महिन्यात ते वरच्या मजल्यावरच्या कोठारातून काचेच्या नळ्यांचा गठ्ठा मधे न टेकता घेऊन आले आणि खाली पोचल्यावर, आपण टेकलो नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. सातव्या महिन्यात एका सकाळी बायको धावत न्हाणीघराच्या दाराशी आली आणि दार वाजवू लागली. “अहो, खोकला ऐकू आला नाही म्हणून,” ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तेवीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं.

नवव्या महिन्यात, एका मंगळवारी, साडेदहाच्या सुमारास, मास्तर पाच लिटरचा चंबू फुंकत होते. पहिला दम सोडला. गोळा फुगत गेला. थांबायची जागा आली तेव्हा घशात काही अडलं नाही आणि थांबायचं राहून गेलं. त्यांचं लक्ष काचेवर होतं. गोळा फुगत फुगत मापाच्या लाकडी फर्म्याला येऊन टेकला आणि जिभेने सांगितलं, पुरे. त्यांनी नळी दातांतून सोडली. छातीत अजून हवा शिल्लक होती.

त्यांना आधी वाटलं, नळी चुकीची आली, पातळ काचेची. त्यांनी गठ्ठ्यावरचा शिक्का पाहिला. नेहमीचीच होती. दुसरी नळी लावली. एका दमात गोळा. तिसरी लावली. दुपारपर्यंत सहा चंबू झाले. निवल्यावर त्यांनी प्रत्येकावर वरपासून खालपर्यंत नख फिरवलं. नख कुठेच अडलं नाही.

ते स्टुलावर बसले. ज्योत तशीच जळत होती. दाढीवाल्याने येऊन गॅस बंद केला.

“मास्तर, काय झालं?”

“थांबायची गरजच नव्हती,” ते म्हणाले.

“कशाला थांबायची?”

त्यांचा दम फारसा मोठा झाला नव्हता. पुढच्या तपासणीत फुप्फुसांचं वय अडुसष्ट निघालं, एवढाच फरक. फक्त मधे अडवणारं काही उरलं नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी कारखान्याला पहिल्यांदा मोठ्या चंबूंची मागणी आली तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते आणि दहा वर्षं सिगरेट ओढत होते. त्यांच्या गुरूने दोन लिटरच्या पुढे कधी काही फुंकलं नव्हतं. विचारायला कुणी नव्हतं. पाच लिटरला दम मधे तुटायचा. तो काचेमुळे तुटतो, असं त्यांनी धरलं, आणि पाटी लिहिली.

जेवायच्या सुटीत ते परत आलेल्या मालाच्या कपाटाशी गेले. गिऱ्हाइकाकडे फुटलेले चंबू तिथे ठेवतात. प्रत्येकावर चिठ्ठी, आणि बहुतेक चिठ्ठ्यांवर मास्तरांचं अक्षर: ‘वापरणाऱ्याची चूक.’ त्यांनी एकेक काढून बाकावर मांडला. एकतीस होते. सत्तावीस एकाच जागी फुटले होते, खालच्या वळाच्या रेषेत, सुरीने कापल्यासारखे. जाड आणि पातळ काच एकमेकींना लागून असली की तापताना कुठून तडकते, हे शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं. ते त्यांनीच सहा जणांना शिकवलं होतं.

संध्याकाळी ते घरी न जाता थोरल्या बहिणीकडे गेले. पिशवीत लांब पायांचा कॅलिपर होता, काचेची जाडी मोजायचा. बहिणीच्या स्वयंपाकघरात खिडकीशी एक मोठा चंबू असतो, त्यात पाणी आणि मनीप्लांट. तो त्यांनी शेकडो वेळा पाहिला होता.

“ताई, हा चंबू कुठून आला?”

“अकरा वर्षं येतोयस. त्याच्याशेजारी उभा राहून पाणी पितोस. आणि आज विचारतोस?”

“कुणी दिला?”

“कोण देणार? तुझ्या भाचीने आणला. तिने तीन केले म्हणे, दोन तू फोडलेस. मधला पिंपात कागदांवर पडला म्हणून वाचला. टॉवेलात गुंडाळून घेऊन आली आणि दोन दिवस जेवली नाही.” बहिणीने पिशवीकडे पाहिलं. “आता काय, हाही फोडायला आलास?”

त्यांनी चंबूवर नख फिरवलं. मग झाड हळूच बाहेर काढलं. मुळं गळ्याच्या आकाराची झाली होती, ती बाहेर काढायला वेळ लागला. बहिणीने प्लास्टिकची बादली पुढे सरकवली. मास्तरांनी पाणी ओतलं, चंबू पुसला, कॅलिपरचा एक पाय आत घातला आणि बारा जागी जाडी मोजली. दोन पूर्णांक एकपासून दोन पूर्णांक तीन मिलिमीटरपर्यंत. त्यांच्या स्वतःच्या उत्तमातल्या उत्तम चंबूत एका जागी दीड लागायचं आणि बोटभर पुढे तीन. त्यांनी परत सगळं मोजलं. आकडे तेच आले. ते खाली फरशीवर बसले, चंबू मांडीवर घेऊन.

भाची बाजारातून आली तेव्हा ते तसेच बसलेले होते.

“मामा, ते झाड मरेल,” ती म्हणाली.

“हा एका दमात केलास?”

“हो.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“बोलले होते. तुला आठवत नाही?” तिने पिशवी ओट्यावर ठेवली. “मी म्हटलं, मामा, दम पुरला म्हणून थांबले नाही. तू म्हणालास, दम जास्त झाला असेल तर घासकामात घाल. सगळे हसले होते. दाढीवाले काका तर डोळे पुसत होते.”

मास्तरांना ते आठवलं. आठवल्याचं त्यांच्या तोंडावर दिसलं असावं, कारण बहीण मधे पडली. “चहा टाकू का?”

“आत गेलेली हवा तापून फुगते,” भाची म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ती भाजी निवडत होती. “पाच लिटरला पाच लिटर दम लागतच नाही. निम्मी छाती पुरते. हेही तेव्हा सांगितलं होतं मी. तू म्हणालास, शाळेतलं इथे चालत नाही.”

“मला छाती नव्हती गं,” मास्तर म्हणाले. “मला माहीतच नव्हतं.”

“मला कुठे माहीत होतं? मला वाटलं, माझ्यात काहीतरी चुकतंय.”

बहीण दोघांकडे बघत उभी होती. आधणाचं पाणी आटलं तरी तिने चहाची पूड टाकली नव्हती. “अकरा वर्षं?” एवढंच ती म्हणाली, आणि कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर खणातला अर्ज घेऊन मालकीणबाईंच्या खोलीत गेले. नवं लेथ दोन दिवसांपूर्वी येऊन पडलं होतं, अजून लाकडी खोक्यात. त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला, त्याच्या शेजारी खालच्या वळावर फुटलेला एक चंबू, आणि त्याच्या शेजारी कालचा सलग चंबू. झालं ते सांगितलं. पाच मिनिटं लागली.

मालकीणबाई हुशार. सगळं लगेच समजल्या आणि म्हणूनच घाबरल्या. “तुमच्या भाचीला बसवा, माझी हरकत नाही,” त्या म्हणाल्या. “पण वळ राहू देत. गिऱ्हाईक वळ पाहून माल घेतं. उद्या वळ नसलेला चंबू पाठवला तर नक्कल म्हणून परत येईल.”

“बाई, वळ म्हणजे माझा खोकला आहे.”

मालकीणबाईंनी फुटलेला चंबू जवळ ओढला.

“बावीस वर्षं आपण माझा खोकला विकतोय. खूण म्हणून. पुढे मी तो विकणार नाही, आणि तिला तर नाहीच करायला लावणार.”

मालकीणबाईंनी दोन्ही चंबूंवर नख फिरवलं. फुटलेल्यावर दोनदा. “हे आणखी कुणाला सांगितलंत?”

“अजून नाही. दुपारी सगळ्यांना सांगतो.”

“मला आठवडाभर तरी द्या.”

“दुपारी सांगतो,” मास्तर म्हणाले.

सांगायला फार काही नव्हतंच. सुटीत सगळे लेथभोवती जमले, मागच्या शेडमधल्या बायकाही आल्या. मास्तर म्हणाले, की पाटीवर लिहिलंय ती काचेची गरज नाही, ती माझ्या छातीची गरज होती. मला सिगरेटने दम पुरत नव्हता म्हणून मी थांबत होतो, आणि तुम्हालाही थांबायला शिकवलं. भाचीने अकरा वर्षांपूर्वी केलेले तिन्ही चंबू बरोबर होते. नव्या लेथवर ती बसेल. एवढं बोलून त्यांनी स्टुलावर चढून चार स्क्रू काढले आणि पाटी उतरवली.

मग लांब्या नावाचा कारागीर, ज्याने आयुष्यात सिगरेट ओढलेली नाही आणि जो रोज सकाळी मैदानात धावतो, तो पुढे झाला. त्याने नळी लावली, ज्योत वाढवली, काच मऊ केली आणि फुंकलं. एका दमात गोळा फर्म्याला टेकला.

“चौदा वर्षं,” तो म्हणाला. “मी मग कशासाठी थांबत होतो?”

दाढीवाल्याच्या हातात न पेटवलेली सिगरेट होती. ती त्याने पाठीमागे लपवली, शाळेतल्या पोरासारखी. भाची सगळ्यात मागे उभी होती. सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिने ओले हात ॲप्रनला पुसले आणि विचारलं, “लेथ खोक्यातून कोण काढणार आहे?”

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. तिचा दम होता तसा होता, पण बोटं नव्हती. लेथच्या जबड्यात नळी बसवताना, गळा जोडताना काच बोटांत हलकेच फिरवावी लागते, आणि तिच्या गुळगुळीत बोटांतून ती निसटायची. पहिल्या आठवड्यात चार नळ्या फरशीवर फुटल्या. मास्तर काही सुचवायला गेले की ती म्हणायची, “मास्तर, बघू द्या मला.” घरी ती मामा म्हणते, कारखान्यात मास्तर, ते आधीपासूनच तसं आहे. तिने बोटांना कापडी चिकटपट्टी गुंडाळली आणि काम पुढे नेलं. इकडे मालकीणबाईंनी जुन्या गिऱ्हाइकांना पत्रं पाठवली. पत्रात खोकल्याचा उल्लेख नव्हता, ‘सुधारित रचना’ असं लिहिलं होतं. एका प्रयोगशाळेने तीन चंबू नक्कल म्हणून परत पाठवलेच. मास्तर ते स्वतः परत घेऊन गेले आणि तिथल्या माणसांसमोर तापवून दाखवले.

नव्या लेथवर बसल्याला चार महिने झाले तेव्हाची गोष्ट. हजेरी बघणारा कारकून दर वर्षी एकदा नियम म्हणून भाचीचं बोट नव्याने नोंदवण्यासाठी यंत्रावर ठेवायला लावतो, यंत्र नाही म्हणतं, तो तशी नोंद करतो. त्या सकाळी त्याने तिला बोलावलं. यंत्राच्या वरची भिंत रिकामी होती; पाटीच्या जागी फिकट चौकोन आणि चार भोकं.

“ये, ठेव बोट. एक मिनिटाचं काम आहे.”

तिने चिकटपट्टी सोडली आणि उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट ठेवलं. यंत्र थांबलं, मग त्याने परत ठेवायला सांगितलं. तिने परत ठेवलं. तिसऱ्यांदा ठेवलं आणि हिरवा दिवा लागला.

कारकून पडद्याकडे वाकला. “अगं, रेषा आहेत,” तो हळू आवाजात म्हणाला.

भाचीने बोट डोळ्यांजवळ नेलं. मग खिडकीच्या उजेडात धरलं. मग दुसऱ्या हाताचं नख त्या बोटावरून फिरवलं, चंबूवर फिरवतात तसं, वरपासून खालपर्यंत. तिला काय लागलं ते तिने सांगितलं नाही. रांगेत तिच्या मागे मास्तर उभे होते. त्यांनी ते सगळं पाहिलं आणि त्यांना खाली बसावंसं वाटलं, पण रांग होती.

“मग आता ही वही बंद करू ना?” कारकुनाने विचारलं. सहा वर्षांच्या सह्या, पान पान भरलेल्या.

“बंद कर,” ती म्हणाली. “टाकू नकोस पण.”

ती लेथकडे गेली. मास्तर पुढे झाले आणि त्यांनी आपलं बोट यंत्रावर ठेवलं.